सीझनिंग करूनही दगडी खलबत्त्यातली कचकच जात नाही तेव्हा

नवा खल रुळवायला, म्हणजे सीझनिंगला, त्यात तीन-चार वेळा तांदूळ कुटले, भुकटी पांढरी आली, खल धुऊन वापरायला काढला. पंधरा दिवसांनी वाटणात पुन्हा दाताखाली कचकच. मग परत तांदूळ, परत थोडे दिवस बरे, परत कचकच. तक्रार सगळ्यांची एकच असली तरी कारणं निदान पाच निघतात, आणि तांदळाचा उपाय त्यांतल्या एकाच कारणावर लागू पडतो. बाकीच्या कारणांत तुम्ही महिनाभर तांदूळ कुटत बसलात तरी खलातून खर, म्हणजे दगडाचे बारीक कण, येतच राहते.

ही कचकच ‘थोडी असायचीच’ म्हणून सोडून देऊ नका. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोस यांची १ ते १० ची मोजपट्टी असते. तिच्यावर दातांवरचं कवच साधारण ५ वर येतं, ग्रॅनाइटमधला फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर. म्हणजे खलातून सुटलेला कण दातापेक्षा कठीण असू शकतो आणि रोज चावला गेला तर दात झिजवतो.

म्हणून आधी कण कुठून येतोय ते शोधायचं, उपाय मग.

कण पकडायचा कसा

तांदळाच्या पिठात दगडाची भुकटी मिसळली की डोळ्यांना फक्त करडेपणा दिसतो. तो रंग दगडाचा, की विक्रीआधी लावलेल्या पॉलिशचा, हे त्यातून कळत नाही. त्यापेक्षा मिठाची परीक्षा सोपी आणि जास्त खरी, कारण मीठ पाण्यात पूर्ण विरघळतं आणि दगड विरघळत नाही.

दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलीटर, जाडं मीठ घ्या. त्याच पुडीतलं तेवढंच मीठ न वाटता एका काचेच्या पेल्यात पाव लिटर पाण्यात विरघळवून बाजूला ठेवा. काही मिठांत मुळातच माती किंवा न विरघळणारी पूड असते. हा पेला जवळ नसेल तर तो गाळ खलाच्या माथी जाईल. आता उरलेलं मीठ स्वच्छ, कोरड्या खलात तीन मिनिटं वाटा, ब्रशने झाडून दुसऱ्या पेल्यात घ्या आणि तेवढ्याच पाण्यात विरघळवा. दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी हलक्या हाताने ओतून टाका, पुन्हा पाणी घाला, पुन्हा निवळू द्या. दोन-तीन पाण्यांनंतर तळाशी उरेल तो तुमचा दगड. तो पांढऱ्या कागदावर घेऊन वाळवा, कागदावर तारीख लिहा आणि ठेवून द्या.

ही परीक्षा एका बैठकीत दोनदा करा. एकदा मीठ फक्त गोल फिरवून घोटा, एकदा फक्त वरून कुटा. दोन्ही गाळ शेजारी ठेवले की बरंच काही उलगडतं. कुटल्यावर खूप जास्त गाळ आला तर दोष ठोक्यात किंवा बत्त्याच्या आकारात आहे. दोन्हीत सारखाच आला तर पृष्ठभागात किंवा दगडाच्या जातीत. पाणी रंगलं पण तळाला कण नाहीत, तर तो फक्त रंग किंवा पॉलिश.

मग गाळातले चार कण काचेच्या जुन्या तुकड्यावर बोटाने दाबून घासा. काचेवर ओरखडे उठले तर कण कठीण खनिजाचे आहेत. दुसऱ्या चिमटीवर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर दगडात चुना आहे, म्हणजे संगमरवर, चुनखडी किंवा सिमेंट.

दहा दिवसांनी, मध्ये खल नेहमीसारखा वापरून, हेच पुन्हा करा. गाळ दर वेळी घटत असेल तर खल अजून रुळतोय आणि तुम्ही बरोबर वाटेवर आहात. गाळ तेवढाच राहत असेल तर तांदूळ थांबवा आणि पुढचं वाचा. महिनोन्महिने स्वच्छ असलेल्या खलातून अचानक कण येऊ लागले तर थेट तड्याच्या भागाकडे जा.

घटत जाणारी खर: छिन्नीचा मुका मार

सीझनिंग हा शब्द लोखंडी तव्यावरून आलाय आणि इथे तोच घोटाळा करतो. तव्यावर तेल तापवून एक थर चढवायचा असतो. दगडावर काहीच चढवायचं नसतं, उलट काढायचं असतं, आणि काढायच्या गोष्टी दोन असतात. एक म्हणजे घडताना भोकांत आणि खाचांत बसलेली सुटी भुकटी. ही पाण्याने आणि ब्रशने जाते. दुसरी म्हणजे छिन्नीच्या घावाने आतून तडकलेला पातळ थर. माणसाला मुका मार लागावा तसा हा थर वरून धड दिसतो, पण त्यातले स्फटिक एकमेकांपासून सुटत आलेले असतात. ते आज पडतात, उद्या पडतात, पंधरा दिवसांनी पडतात. चार वेळा तांदूळ कुटून पांढरं पीठ आलं याचा अर्थ सुटी भुकटी गेली इतकाच. मुका मार लागलेला थर तसाच असतो.

हा थर तांदळाने झिजत नाही. तांदूळ दगडापुढे फार मऊ. झीज होते ती बत्त्याचा दगड खलाच्या दगडावर फिरल्याने. तांदूळ फक्त सुटलेले कण उचलून नेतो आणि पांढरा असल्यामुळे ते दाखवतो. म्हणून मूठ-मूठ तांदूळ घालणं चुकीचं. गादी इतकी जाड होते की दगड दगडाला लागतच नाही. १५ सेंटिमीटर तोंडाच्या खलाला एका वेळी दोन मोठे चमचे पुरे.

करायचं असं. आधी खल आणि बत्ता वाहत्या पाण्याखाली ताठ नायलॉनच्या ब्रशने पाणी नितळ येईपर्यंत घासा. साबण नको. मग अर्धा तास भिजवून निथळलेली तांदळाची कणी दोन चमचे घ्या, एक चमचा पाणी घाला आणि बत्ता तळापासून कडेपर्यंत गोल फिरवत पाच ते सात मिनिटं वाटा. कुटू नका. पहिले दोन हात ओलेच करा, कारण ओल्या लगद्यात बारीक भुकटी चिकटते आणि हवेत उडत नाही. प्रत्येक हातानंतर लगदा टाकून द्या, खल ब्रशने धुवा. बहुतेक जण फक्त तळ वाटतात आणि भिंती तशाच सोडतात. नंतर जास्त जिन्नस घातले की बत्ता भिंतीला लागतो आणि तिथली खर खाली येते. ‘थोडं वाटलं तर कचकच नाही, जास्त वाटलं तर आहे’ अशी तक्रार असेल तर हेच कारण धरून चाला.

पुढचे हात कोरड्या तांदळाचे. कोरड्या पिठात रंगातला फरक चांगला दिसतो. तुलनेला मिक्सरमधून काढलेलं तांदळाचं पीठ पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा, नुसत्या आठवणीवर ‘पांढरं झालं’ ठरवू नका. आतून घोटीव असलेल्या ग्रॅनाइटला साधारण तीन-चार हात लागतात, छिन्नीच्या खुणा असलेल्या ग्रॅनाइटला सहा ते आठ, आणि भोकाभोकांच्या बेसाल्टला दहा किंवा त्याहून जास्त. सगळे एकाच दिवशी करायची गरज नाही. मनगट थकलं की हात घोटायचं सोडून ठोके मारू लागतो आणि नवीन कण पाडतो.

पीठ पांढरं आल्यावर शेवटचा हात जाड्या मिठाचा, आणि तीच मिठाची परीक्षा. गाळ बोटाला लागेल इतकाही उरला नाही की खल तयार.

आठ हातांनंतरही घट्ट दगडातून गाळ येत असेल तर तांदळाच्या भरवशावर राहू नका. रंगकाम आणि यंत्रांच्या दुकानात मिळणारा काळा वॉटर पेपर, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा पाण्यात चालणारा कागद, ८०, १२० आणि २२० नंबरचा आणा. खलात थोडं पाणी ठेवून आधी ८० नंबरने सगळा आतला भाग पंधरा मिनिटं घासा, मग १२०, मग २२०. प्रत्येक नंबरानंतर खल पूर्ण धुवा, नाहीतर आधीच्या कागदाचा जाड कण पुढच्या कामात ओरखडे पाडतो. बत्त्याचं तोंडही तसंच घासा. मग पुन्हा ओल्या तांदळाचे दोन हात आणि मिठाची परीक्षा.

हे काम कोरडं करू नये. दगडाच्या कोरड्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ड्रिलला घासणीचं चाक लावून कोरडा खल घासणं तर अजिबातच नको. पाणी ठेवलं की धूळ उठत नाही. धुवण सिंकमध्ये ओतू नका, बादलीत निवळू द्या, नाहीतर दगडाचा चिखल नळीच्या वळणात बसतो.

सच्छिद्र बेसाल्टवर हा कागद वापरू नका. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांनी झालेली त्याची भोकं कागदाचे कण धरून ठेवतात, आणि दगडाच्या कचकचीऐवजी कागदाची कचकच सुरू होते. तिथे उपाय एकच: बत्ता, पाणी, तांदूळ आणि चिकाटी. दर दोन हातांनी खल पालथा धरून मागून लाकडी चमच्याने ठोका आणि वाहत्या पाण्याखाली ब्रश करा, म्हणजे भोकांतलं अडकलेलं पडतं.

न घटणारी खर: बत्ता खलात बसत नाही

पुन्हा पुन्हा येणाऱ्या कचकचीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. खल नीट रुळलेला असतो, दगड चांगला असतो, पण बत्त्याच्या तोंडाची गोलाई खलाच्या गोलाईशी जुळत नाही. तळाचं तोंड सपाट असेल तर गोल खलात बत्ता फक्त कडेवर टेकतो. सगळा भार त्या बारीक कडेवर येतो आणि कड रोज थोडी उडते. सीझनिंग कितीही करा, कड आहे तोवर चुरा आहे.

तपासायला खडू पुरतो. कोरड्या बत्त्याचं तोंड खडूने पांढरं करा, कोरड्या खलात तळाशी टेकवून दहा वेढे फिरवा आणि खलात पाहा. मध्यभागी वाटीएवढा भरीव ठिपका उमटला तर बसण चांगली. मध्य कोरा आणि भोवती कडं उमटलं तर बत्ता कडेवर चालतोय. दोन-तीन सुटे ठिपके म्हणजे खलात उंचवटे आहेत. बत्त्याची गोलाई खलाच्या गोलाईपेक्षा थोडी लहान असावी. मोठी असली की मधे पोकळी राहते, त्यात जिन्नस अडकतो, वाटला जात नाही, आणि माणूस जोर वाढवतो.

घट्ट दगडाचा जोड असेल तर बत्ता खलातच घोटून बसवता येतो. ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पूड एक चमचा, दोन चमचे पाणी, आणि बत्ता तोंडावर रेटून दहा मिनिटं गोल आणि आठाच्या आकारात फिरवायचा. पूड काळपट-पातळ झाली की धुऊन नवी घ्या. तीन-चार वेळा केल्यावर पुन्हा खडू लावून पाहा. कड्याचा ठिपका होत गेला की काम जमतंय. ही पूड दगडापेक्षाही कठीण असते, त्यामुळे शेवटी धुणं फार जपून करा: ब्रश, भरपूर पाणी, तांदळाचे तीन ओले हात, मिठाची परीक्षा. कड अगदी मोठी असेल तर गोल तोंडाचा, त्याच जातीच्या दगडाचा दुसरा बत्ता घेणं बरं.

‘त्याच जातीचा’ हे महत्त्वाचं. ग्रॅनाइटचा बत्ता संगमरवराच्या खलात चालवला तर मऊ खल कायम पांढरी भुकटी देत राहणार. कठीण दगड मऊ दगडाला खातो, त्यात रुळणं-बिळणं काही नसतं.

दुसरं कारण ठोका. कान देऊन ऐका. जिन्नसावर पडलेला ठोका बद्द वाजतो, दगडावर पडलेला ‘टण’ वाजतो. प्रत्येक टण म्हणजे कुठेतरी एक कपची. बहुतेक टण सुरुवातीला पडतात, जेव्हा दाणे उडून बाजूला जातात आणि बत्ता मोकळ्या तळावर आपटतो. म्हणून दाणेदार मसाला आधी बत्ता टेकवून, दाबून मोडायचा आणि मगच हलके ठोके द्यायचे. खल जास्तीत जास्त एक तृतीयांश भरावा, पण तळ झाकेल इतका जिन्नस हवाच. दोन मिरे वाटायला पाच किलोचा खल काढू नये. ठोका अगदी मधोमध सरळ न देता किंचित तिरपा, भिंतीच्या पायथ्याशी द्या, म्हणजे जिन्नस आपोआप पुन्हा मध्ये घसरतो. खलाखाली ओलं फडकं घडी घालून ठेवलं तर खल सरकत नाही आणि ओट्याचा उलटा हादराही कमी बसतो. कोरडं आधी, ओलं नंतर हा क्रमही यासाठीच. ओल्या लगद्यात दाणे बत्त्याखालून निसटतात, ते मोडायला माणूस आपटत सुटतो.

दगडच तसला असेल तर

खलाच्या बुडाशी, जिथे दिसणार नाही तिथे, पोलादी सुरीचं टोक दाबून ओढा. ग्रॅनाइटवर सुरीचाच करडा माग उमटतो, चर पडत नाही. संगमरवरावर चर पडतो, कारण त्यातलं कॅल्साइट मोसच्या पट्टीवर ३ वर आहे. नखानेच ओरखडा उठला तर तो शंखजिऱ्याचा मऊ दगड. त्याच्याबरोबर लाकडी बत्ता वापरा, दगडी बत्त्याने त्याची भुकटी व्हायचीच.

संगमरवराचा दोष मऊपणापेक्षा आंबटाशी असलेल्या वैरात आहे. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर, काहीही आंबट पडलं की कॅल्साइट विरघळतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. स्फटिकांमधले सांधे खाल्ले गेले की पुढच्या वाटणात ते कण सुटतात. महिनाभर ठीक चाललेला संगमरवरी खल एका आंबट चटणीनंतर पुन्हा कचकचू लागला तर आश्चर्य वाटायला नको. २२० आणि मग ४०० नंबरच्या कागदाने ओलं घोटून तो पृष्ठभाग परत आणता येतो, पण त्यानंतर त्या खलात कोरडे मसाले आणि आंबट नसलेली पानंच वाटावीत. तेवढ्या कामाला तो उत्तम असतो.

वालुकाश्माचा खल स्वयंपाकाला घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो वाळूचे कण एखाद्या बंधकाने जोडून झालेला असतो. बंधक झिजला की कण मोकळे, आणि खाली पुन्हा तसाच थर. हा खल कधीच रुळत नाही. ओळखायला कोरड्या पृष्ठभागावरून अंगठा जोरात फिरवा. वाळू हाताला लागली तर तोच.

आणि कधी कधी तो दगड नसतोच. दगडाची भुकटी सिमेंटमध्ये साच्यात ओतून केलेले खल हुबेहूब दगडासारखे दिसतात. साच्याच्या जोडाची बारीक रेघ, सगळीकडे एकसारखे बुडबुडे, कुठेही छिन्नीची खूण नाही, अशा खुणा बुडाशी शोधा. बुडाला चाकूने खरवडून ताजा भाग उघडा, त्यावर ओल्या हळदीचा ठिपका लावा आणि पाच मिनिटं थांबा. हळद गडद लाल-तपकिरी झाली तर तिथे अल्कली आहे, म्हणजे सिमेंट. साबणानेही हळद लाल होते, म्हणून आधी तो भाग साध्या पाण्याने चांगला धुवा. संगमरवर पांढरा असल्याने त्यावर हळदीचा डाग राहील, त्याला व्हिनेगरचा थेंबच पुरे. सिमेंटचा खल कितीही घोटला तरी झिजत राहतो आणि जिन्नसात उतरतो. तो झाडाच्या कुंडीशेजारी शोभेला ठेवा, अन्नाला नको.

काळा रंग ही वेगळी भानगड. करड्या दगडाला काळी झळाळी यावी म्हणून रंग किंवा मेण चोळलेलं असतं. पांढऱ्या फडक्यावर चार थेंब खाद्यतेल घेऊन आतून पुसा. फडकं काळं झालं तर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून, त्याने ब्रशने घासून, पुन्हा फडक्याने पाहा. चार-पाच वेळात रंग गेला तर ठीक. आतून रंग येतच राहिला तर खल परत करा. खायच्या भांड्याला लावलेला तो पदार्थ कोणता, हे कळायला मार्ग नसतो.

अचानक सुरू झालेली कचकच: तडा

खल दुमडलेल्या टॉवेलवर ठेवून कडेला लाकडी चमच्याने ठोका. धड दगड खणखणीत वाजतो, तडा गेलेला भद्द. जाड खलात हा फरक ऐकू येईलच असं नाही, म्हणून पाण्याची खात्री करा. खल दहा मिनिटं पाण्यात बुडवून काढा, फडक्याने टिपा आणि उजेडात ठेवून बघत बसा. सगळा पृष्ठभाग सुकत जातो, पण तडा पाणी धरून ठेवतो आणि काळ्या रेघेसारखा मागे राहतो. ग्रॅनाइटमधल्या नैसर्गिक शिरा वेगळ्या. त्या कोरड्या असतानाही दिसतात आणि आजूबाजूच्या दगडाबरोबरच सुकतात.

तळातून किंवा भिंतीतून गेलेला तडा दुरुस्त होत नाही. त्यात इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा गोंद, भरणारे लोक आहेत. पण वाटण्याच्या जागी तो झिजून जिन्नसातच येणार, म्हणून नको. फक्त वरच्या कडेची कपची उडाली असेल तर १२० नंबरच्या कागदाने ओलं घासून धार मोडा आणि खल वापरा.

तडे जातात ते मुख्यतः उष्णतेने. खल ओव्हनमध्ये वाळवणं, गॅसवर मसाला त्यातच भाजणं, फ्रीजरमधून काढून उकळतं पाणी ओतणं, हे सगळं टाळा. छिद्रांत अडकलेल्या पाण्याची वाफ होताना आणि गोठताना दोन्ही वेळा ते फुगतं. गोठताना सुमारे ९ टक्के.

तेल, लसूण आणि साबण

सीझनिंगच्या नावाखाली खलाला तेल चोळून ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो. तेल तव्यावर टिकतं कारण तिथे ते तापून कडक थर होतं. थंड दगडात ते नुसतं मुरतं, हवेने खवट होतं आणि त्याचा वास पुढच्या सहा महिन्यांच्या वाटणांना लागतो. शिवाय तेलाने सुटे कण चिकटून बसतात, त्यामुळे चार दिवस कचकच थांबल्यासारखी वाटते आणि मग परत येते. ‘सीझनिंग केलं की बरं, मग पुन्हा तेच’ या चक्रामागे अनेकदा हे तेल असतं. आधीच लावलं असेल तर सोड्याचा जाडसर लेप अर्धा तास ठेवा, गरम (उकळतं नव्हे) पाण्याने धुवा, आणि गरजेप्रमाणे पुन्हा.

तांदळानंतर लसूण, जिरं, मिरी आणि मीठ एकत्र वाटून तो लगदा टाकून देण्याची पद्धत आहे. त्याने दगडाचा नवेपणाचा मातकट वास जातो, एवढाच त्याचा उपयोग. खर काढायला तो कामाचा नाही, आणि तांदळाचं काम आटोपायच्या आधी केला तर लसणाच्या लगद्यात कण दिसतही नाहीत.

साबण न लावण्याचं कारण छिद्रं. घट्ट ग्रॅनाइट स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतो, म्हणून त्यावर कधीतरी बिनवासाच्या साबणाचा थेंब पडला तर बिघडत नाही, लगेच भरपूर पाणी घाला इतकंच. सच्छिद्र दगडात मात्र साबण आत राहतो आणि वाटणाला लागतो. डिशवॉशर कुठल्याच दगडाला नको. तारेची घासणीही नको. दगड तिच्यापेक्षा कठीण असल्याने तारच झिजते, करड्या रेघा उमटतात आणि पुढे तिथे गंज धरतो.

धुतल्यावर खल पालथा ठेवायचा तो जाळीवर किंवा दोन लाकडी चमच्यांवर, सपाट ओट्यावर नाही. ओट्यावर आतली हवा कोंडते आणि दोन दिवसांत कुबट वास येतो. पूर्ण वाळला का, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. बत्ता स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कोरडा असताना तोलून आकडा लिहून ठेवा. धुतल्यानंतर तो आकडा परत आला की बत्ता वाळला. सच्छिद्र दगडाला यासाठी एक पूर्ण दिवस लागू शकतो, आणि खल जाड असल्याने त्याला बत्त्यापेक्षाही जास्त.

बुरशीचे काळे-हिरवे ठिपके आलेच तर ब्रशने घासून ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं ठेवा, धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा. पांढरी पूड दिसली तर आधी पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर ते आतून वर आलेले क्षार किंवा वाटणातलं मीठ, दिवसभर पाण्यात ठेवून दोनदा पाणी बदललं की जातं. विरघळली नाही आणि व्हिनेगरने फसफसली, तर पुन्हा चुन्याकडे, म्हणजे दगडाच्या जातीकडे वळा.

उलटी तक्रार: खल फार गुळगुळीत झाला

बरीच वर्षं वापरलेल्या घोटीव खलात कचकच नसते, पण दाणे निसटतात, आलं-लसूण नुसतं सरकतं. तेव्हा लोक जोर लावून आपटतात आणि चांगल्या खलातून पुन्हा कपच्या पाडतात. घट्ट दगडावर ६० ते ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पूड पाण्याबरोबर पंधरा मिनिटं घोटली की पुरेशी धार येते. त्याने भागलं नाही तर पाथरवटाकडून फक्त तळाला आणि बत्त्याच्या तोंडाला हलकी टाकी लावून घ्या. भिंतींना टाकी नको, तिथे त्याचा उपयोग नाही आणि पुढे खर मात्र पडत राहते. टाकी लावलेला खल म्हणजे पुन्हा नवा खल. छिन्नीचा मुका मार परत बसलेला असतो, म्हणून ओल्या कणीचे हात पहिल्यापासून करा, आणि मिठाच्या दोन परीक्षा दहा दिवसांच्या अंतराने स्वच्छ येईपर्यंत त्यातलं वाटण ताटात वाढू नका.